दट्ट्याचे सहा डबे

"अहो, माझी पिठाची चाळणी कुठाय?"

पाण्याच्या टाकीवर चढलेल्या दट्ट्यानं खाली पाहिलंच नाही. चाळणी त्याच्याच हाताखाली होती. डिशच्या छत्रीसारखी ती तारेनं पाइपाला आवळून झाली होती. तिच्या पोटाशी आइस्क्रीमचा रिकामा डबा आणि डब्यात कुणीतरी भंगारात टाकलेला राउटर.

"चाळणी कामावर गेलीये," तो वरून म्हणाला.

"आणि मोठ्या पातेल्याचं झाकण?"

"ते टेकाडावर. त्याला बढती मिळाली."

"मग पीठ काय तोंडानं फुंकून चाळू?" असं म्हणत बायको आत गेली, पण रागावली नव्हती. गेले पंधरा दिवस ती कशालाच रागावत नव्हती. घरात मुलगा होता, सून होती, सहा वर्षांची नात होती.

दट्ट्या म्हणजे पंपांचा मेकॅनिक. चाळीस वर्षं पंपातच हात घालून बसला म्हणून लोकांनी पंपातल्या दट्ट्याचंच नाव त्याला देऊन टाकलं. जमिनीला कान लावून पाणी किती फुटांवर आहे ते सांगायचा म्हणे. एकदा तर अडून बसलेला पंप त्याच्या नुसत्या खाकरण्यानं चालू झाला. ज्यांनी ते पाहिलं ते सगळे आता गेले, त्यामुळे खोटं आहे म्हणायलाही कुणी उरलं नाही.

पण ह्या खेपेला पाणी नव्हतं, नेट होतं. मुलाच्या साहेबांनी सांगितलं होतं, "महिनाभर गावाकडून काम करून दाखवा. महिनाअखेरच्या सोमवारची मोठी मीटिंग नीट झाली तर तिथेच राहा. नाहीतर ऑफिसात परत या." मोबाइलचा टॉवर डोंगराआड. नेटवाल्या कंपनीची तार आली ती रस्त्यावरच्या फाटकापर्यंत, आणि तिथेच बसली. घर अर्धा किलोमीटर आत, मध्ये टेकाड. मुलगा फाटकापाशी खुर्ची टाकून काम करायचा, पण येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांच्या भोंग्यांनी साहेब वैतागले होते.

दट्ट्याला हसूच आलं होतं. "अरे, लांबच्या शेतात पाणी कसं नेतात? मध्ये बूस्टर टाकतात. एक पुरला नाही तर दोन. ह्यात काय एवढं!"

मग भंगारवाल्याकडून जुने राउटर आले. एका राउटरनं दुसऱ्याचा सिग्नल उचलून पुढं कसा द्यायचा, ते गावातल्या मोबाइल रिपेअरिंगवाल्यानं त्यांच्यात भरून दिलं. फाटक, पंपाची खोली, टेकाड, टाकी. चार डबे झाले. चौथा चालू केला तशी सून स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा, आलं हो! सगळ्या रेघा भरल्या!" नात फोन घेऊन घरभर नाचली. आजीनं तर दुसऱ्याच दिवशी गावातल्या शाळेत जाऊन पहिलीच्या बाईंना विचारूनही ठेवलं, की मधेच मूल घेता का.

फक्त एक झालं. रेघा भरलेल्या, आणि चित्र हलेना. मुलानं मित्राला व्हिडिओ कॉल लावून पाहिला तर मित्र तोंड वासून तसाच थांबलेला.

"प्रेशर कमी पडतंय," दट्ट्या म्हणाला आणि गोठ्यावर पाचवा डबा चढवला.

मित्राचा आवाजही तुटायला लागला.

"अजून एक टाकू." सहावा ओसरीवर बसला. आता मित्र उगवेचना.

रविवारी दट्ट्या फाटकापर्यंत चालत गेला आणि रिपेअरिंगवाल्याला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"काका, सहा? मी तर दोनच समजत होतो."

"लांब आहे रे. बूस्टर नको का?"

"हा पंप नाही हो, काका. पंप ढकलतो. हा डबा आधी ऐकतो, मग बोलतो. दोन्ही एकदम येत नाही त्याला. दर डब्याला वेग निम्मा होतो. तुम्ही वाढवत गेलात आणि ते..."

"मग काढू का चार?"

"काढलेत तर टेकाड ओलांडेल का?"

दट्ट्यानं टेकाडाकडे पाहिलं. कमी ठेवले तर पोचत नव्हतं, जास्त ठेवले तर उरत नव्हतं. चाळीस वर्षांत असा पंप त्याला भेटला नव्हता.

सोमवारी अकरा वाजता मुलगा आतल्या खोलीत दार लावून बसला. सुनेनं कुकर लावला नाही. आजीनं नातीला मांडीत घट्ट धरून ठेवलं. दट्ट्या दाराबाहेर हातात पाना घेऊन उभा होता. आतून आवाज येत होता, "हॅलो? सर, ऐकू येतंय का? सर?" तेच, पुन्हा पुन्हा. मग ते बंद झालं.

दार उघडलं.

"माझंच चुकलं रे," दट्ट्या म्हणाला. "मी आपला पाण्यासारखं समजलो."

"नाही हो बाबा. बांधलंय छान तुम्ही."

त्यापेक्षा त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर दट्ट्याला बरं वाटलं असतं.

गुरुवारी ते तिघं शहरात परत गेले. आजीनं शाळेतल्या बाईंना निरोप धाडला. डबे मात्र दट्ट्यानं उतरवले नाहीत, आणि बायकोनं चाळणी मागितली नाही. ती पीठ तसंच मळत होती.

शुक्रवारी दुपारी ओसरीवर फोन किणकिणला. एवढं मात्र सहा डब्यांमधून गळत गळत यायचं. मुलानं लिहिलं होतं, 'पोचलो.' खाली नातीचा फोटो होता. म्हणजे फोटोच्या जागी राखाडी चौकोन होता आणि त्यात एक गोल फिरत होता.

"काय पाठवलंय?" बायको हात पुसत आली.

"फोटो. पोरीचा."

ती शेजारी टेकली. दोघं थांबले. गोल फिरत राहिला. फाटकापर्यंत चालत गेलं असतं तर फोटो क्षणात उघडला असता. दोघांनाही ते माहीत होतं, पण उठलं कुणीच नाही. त्यांना तो घरी यायला हवा होता.

"झोपाळ्यावर बसलीये," दट्ट्या म्हणाला.

"फ्रॉक कुठला?"

"पिवळा."

बायकोनं मान वाकवून त्या राखाडी चौकोनाकडे नीट, बराच वेळ पाहिलं.

"बारीक झालीये हो," ती म्हणाली.

"थोडीशी," दट्ट्या म्हणाला, आणि तिला चांगलं दिसावं म्हणून त्यानं फोन जरा तिच्या बाजूला कलता केला.