गोपीचंदनाची भर

रघुपतीच्या छातीला मधोमध खळगा होता, लिंबू ठेवलं तर घरंगळणार नाही एवढा. जन्मापासूनचा. शर्टाखाली तो कुणाला दिसत नसे, आणि बेंगळूरच्या हवेत शर्टावर कोटही खपून जातो, म्हणून मुलगी पाहण्याचा कार्यक्रम झकास पार पडला. होसकोट्याच्या भीमाचार्यांनी आपली अहल्या त्याला द्यायचं ठरवलं. रघुपतीला ती अशी काही आवडली, की कारखान्यात नकाशे काढताना त्याच्या सरळ रेघा वाकड्या जाऊ लागल्या.

मग आचार्यांचा निरोप आला, द्वादशीच्या पारण्याला या. रघुपतीच्या तोंडचं पाणी पळालं. माध्वांच्या घरचं पारणं म्हणजे सोवळं. धोतर नेसायचं, उपरणं कमरेला, छाती उघडी. साल सत्तावन्न. खोल छाती दिसली की लोकांच्या मनात आधी क्षय यायचा, आणि क्षयाच्या नुसत्या संशयावर ठरलेली लग्नं मोडत.

उपाय काय थोडे झाले होते? हयवदनमामा म्हणाला, रोज दंड काढ. दंडांनी खांदे भरले आणि खळगा आणखीच खोल दिसू लागला. आईनं, कृष्णाबाईंनी, डिंकाचे लाडू चारले. ते पोटाला लागले. शेवटी तो इस्पितळातल्या सर्जनकडे गेला. त्यांनी एक्स-रे काढला, जिने चढवले, छाती ठोकून पाहिली.

"फुप्फुसं स्वच्छ आहेत, हृदय उत्तम. ऑपरेशन करता येतं. वाकड्या कूर्चा, म्हणजे फासळ्यांची मऊ टोकं, कापायची आणि छातीचं हाड वर उचलायचं. पण ते सोपं नाही, जोखीम आहे, नंतर बरेच दिवस अंथरूण. दम लागत असता तर मीच म्हणालो असतो, कर. नुसतं दिसण्यासाठी करायचं का, ते तू ठरव."

रघुपतीनं ठरवलं. आईला न सांगता तारीखही घेतली. पंचाईत एवढीच, की पारणं तारखेच्या आधी होतं.

पण झाकली मूठ सव्वा लाखाची. द्वादशीच्या पहाटे होसकोट्याला आचार्यांच्या पडवीत बसून त्यानं गोपीचंदन उगाळलं. सगळे अंगावर शंखचक्राच्या मुद्रा उठवतात तेवढंच हवं होतं, यानं वाटीभर उगाळलं, खळग्यात थापलं, बोटानं सपाट केलं आणि वर मुद्रा उठवली. गवंड्यानंही शाबासकी दिली असती.

"आजकालच्या मुलांत एवढी निष्ठा कुठं दिसते?" आचार्य कौतुकानं म्हणाले. रघुपतीनं मान खाली घातली, लोकांना तो विनय वाटला.

पंगत बसली. आचार्यांचे श्लोक काही आवरेनात, आणि तोवर गोपीचंदन वाळलं. रघुपतीनं पहिला घास घ्यायला वाकून श्वास घेतला, तसा अख्खा पोपडा सुटला आणि भाताच्या आळ्यातल्या सारात पडला. सार थेट आचार्यांच्या पानापर्यंत उडालं.

आचार्यांची नजर खळग्यावर खिळली. चेहरा उतरला. "रघुपती," ते हळूच म्हणाले, "छातीचा काही विकार आहे का?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. रघुपती बोलून मोकळा झाला. "जन्मापासूनचं आहे. क्षय नाही, डॉक्टरांनी एक्स-रे पाहिलाय. लपवलं, ते चुकलं माझं. पण ऑपरेशननं वर येतं. तारीख घेतलीय. लग्न तोवर थांबवलंत तर माझी ना नाही."

आचार्य पानाकडे बघत राहिले. रघुपतीला वाटलं, संपलं सगळं.

तूप वाढायला आलेली अहल्या तिथंच थांबली होती. लग्नाआधी मुलीनं चार माणसांत बोलायची रीत नव्हती.

"अण्णा, स्वल्प थांबा," ती वडिलांना म्हणाली, मग रघुपतीकडे वळली. "दुखतं का ते?"

"नाही."

"दम लागतो?"

"नाही. टेकडी चढतो मी."

"मग कापायचं कुणासाठी?"

खरं उत्तर समोर तूप घेऊन उभं होतं.

"माझ्यासाठी असेल तर नको," अहल्या म्हणाली. "अण्णा, यांना दुसरं पान वाढू?"

आचार्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा जावयाकडे. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले, "वाढ."