म्हातारीच्या फटी

"म्हातारीने आजवर किती माणसं खाल्ली?"

हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि माघार घेईल ती भिंगरी कसली! शिडं शिवणाऱ्या आजोबांसमोर कमरेवर हात ठेवून तिने ठणकावून विचारलं. म्हातारी म्हणजे धक्क्याला बांधलेली शर्यतीची लाकडी होडी. वय नव्वद, जिंकलेले करंडक एकोणीस, मोडलेल्या डोलकाठ्या तीन, आणि तोरा मात्र नव्या नवरीचा. उद्याच्या शर्यतीत तिचं सुकाणू भिंगरीच्या आईच्या हाती होतं. पुढचं शीड पहिल्यांदाच भिंगरीच्या.

आजोबांनी सुई थांबवली नाही. दोन, म्हणाले, एकाच दुपारी. त्याआधी म्हातारी दोन वर्षं शेडमध्ये कोरडी पडून होती. लाकूड आकसलं, फळ्यांमध्ये फटी पडल्या. अशी होडी आठवडाभर पाण्यात सोडायची, आत शिरेल ते उपसत बसायचं. लाकूड पाणी पिऊन फुगतं, फटी आपोआप मिटतात. पण तेव्हाच्या सुताराला दम निघेना. त्याने फटींत कडक लांबी, म्हणजे वाळून दगड होणारी पुट्टी, भरून वरून रंग मारला. पाण्यात फळ्या फुगल्या, पसरायला जागाच नाही. आतल्या फासळ्यांवरचे खिळे एकेक करून तुटले, आणि भर वाऱ्यात होडीची कूसच उघडली.

भिंगरीचं हसू जागीच सुकलं. यंदाही म्हातारी तीन उन्हाळे कोरडीच होती. बाबांनी फटी चार दिवसांत बुजवल्या, कालच तिला पाण्यात उतरवलं. आणि लांबी मळून दिली होती भिंगरीनेच, गाणी म्हणत.

ती धावत होडीवर गेली. बाहेरून निळा रंग आरशासारखा. आत उतरून तिने कान लावला. बराच वेळ काही नाही. मग टक्. पुन्हा टक्, जरा जवळ. पायाखालची सुटी फळी उचलली तर खाली खिळ्यांची तुटलेली डोकी पडलेली. पाच.

घरी बाबा म्हणाले, जुनं लाकूड कुरकुरतंच. पण म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. आईला वाटलं, पोर पहिल्या शर्यतीला बिचकलीय. भिंगरीने खिळ्यांच्या डोक्यांची मूठ टेबलावर उघडली. आई एकेक डोकं बोटाने उलटून बघत राहिली.

"मी उद्या चढणार नाही," भिंगरी म्हणाली. "आणि आता शर्यतीच्या पंचांकडे चाललेय, म्हणजे आईलाही चढू देणार नाहीत. बाबा, तुम्ही फटींत काय भरलंत ते सांगणार आहे. ते मी मळलं होतं, तेही सांगेन."