महेशच्या गाडीवरचा बर्फ

नाशिकची थंडी म्हणजे कौतुकाची थंडी. निफाडला पारा उतरला की द्राक्षाच्या पानावरच्या बर्फाचा फोटो पेपरात येतो आणि सगळा जिल्हा आठवडाभर तेवढ्याच विषयावर चहा पितो. त्यामुळे देवळाली कॅम्पात स्नेहलच्या दारातल्या गाडीची काच पहिल्यांदा गोठली, तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. शेजारचे सोमनाथकाका मफलर सारखा करत म्हणाले की यंदा थंडीच तशी आहे. त्यांची स्वतःची गाडी तिथेच बाजूला उभी होती आणि तिच्यावर नुसतं दहिवर होतं. पण माणसाला जे पाहायचं नसतं, ते नाकासमोर असलं तरी दिसत नाही.

स्नेहलला मात्र ते दिसलं. तिने काचेवर बोट टेकवलं आणि बोट चिकटलं. असला बर्फ तिने आयुष्यात कधी हाताने शिवला नव्हता, पण ओळखला. फोनच्या पडद्यावर तो तिने दोन हिवाळे पाहिला होता.

गाडी महेशची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. तो तोफखान्यात नाईक होता, काश्मीरकडे नेमणुकीवर. तिथल्याच एका बदली झालेल्या साहेबाकडून त्याने ही निळी जुनी गाडी घेतली होती. सकाळी व्हिडिओ कॉल लावायचा आणि बर्फाखाली गाडलेली गाडी दाखवत मास्तरासारखा शिकवायचा. आधी छतावरचा बर्फ मऊ झाडूने ढकलायचा, नाहीतर तो पुन्हा काचेवर घसरतो. रंगावर खरवडायचं नाही, पातळ थर राहिला तर राहू द्यायचा. काचेला लोखंड लावायचं नाही, प्लास्टिक चालतं. वायपर गोठलेले असताना चालू करायचे नाहीत, मोटर जळते. दार चिकटलं असेल तर ओढायचं नाही. आधी अंगाने आत दाबायचं, म्हणजे रबराभोवतीचा बर्फ तडकतो. स्नेहल हसून म्हणायची, अहो, इथे देवळालीत मला बर्फ कोण पाडून देणार आहे? यावर तो म्हणायचा, शिकून ठेव, शिकलेलं वाया जात नाही.

गेल्या वर्षी संक्रांत झाल्यावर तो रजेवर निघाला. रेल्वेचं तिकीट रद्द करून गाडीनेच निघाला, कारण वेदिकाला, त्याच्या सात वर्षांच्या लेकीला, गाडी दाखवायची होती. घाटात बर्फामुळे रस्ता बंद झाला. रस्ता मोकळा होण्याची वाट पाहत तो गाडीत बसला आणि पुन्हा उठला नाही.

गाडी उन्हाळ्यात त्याचा मित्र उमरने आणून दिली. उमर मालेगावचा, त्याच्याच तुकडीतला, आणि त्या सकाळी घाटात गाडीपाशी पहिला पोहोचलेला तोच. ओसरीवर बसून त्याने एकदाच सगळं सांगितलं, मान खाली घालून.

"वहिनी, काच चकाचक होती. छत साफ, दिवे साफ. गाडी किती जपायचा तुम्हाला ठाऊक आहे. फक्त मागे बघायचं राहून गेलं. सायलेन्सर बर्फात बुजला होता आणि हीटरसाठी इंजिन चालू. धूर आतच फिरला. त्याला कळलंसुद्धा नसेल, नुसती झोप लागली असेल."

एवढं सगळं जगाला शिकवणारा माणूस, आणि स्वतः पाठीमागे बघायला विसरला. याचा स्नेहलला दुःखाइतकाच रागही यायचा, आणि राग काढायला माणूस जागेवर नव्हता.

तर अशी ती गाडी, आणि तिच्यावर आता देवळालीत बर्फ. एक दिवस नाही, रोजच. उजाडायच्या सुमाराला काच पांढरी झालेली असायची. स्नेहल कॅम्पातल्या बाजारात युनिफॉर्मच्या दुकानात कामाला जायची. त्याआधी, लोकांची तोंडं उघडायच्या आत, ती शाल गुंडाळून बाहेर पडायची. झाडू, स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं उलथणं, स्पिरिट आणि पाणी भरलेला फवारा. त्याने सांगितलं होतं तसंच सगळं करायची. शेवटी इंजिन सुरू करून काचेवर गरम हवा सोडायची, पण त्याआधी मागे जाऊन वाकून सायलेन्सर पाहायची. तिथे बर्फाचा कणही नसायचा, तरी पाहायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

सासूचं, चिमणाबाईचं, निराळंच. ती हरसूलकडची. तिच्या माहेरी लांबून चालत आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर थांबवून पायावर ऊन पाणी घालायची रीत. महेश रजेवर आला की ती बंबातलं पाणी घेऊन दारात उभी राहायची आणि बूट काढायला लावून त्याचे पाय धुवायची. गोठलेली गाडी पाहिल्यावर तिला दुसरं काही सुचलं नाही. एका सकाळी तिने कढत पाण्याचा तांब्या थेट काचेवर ओतला. कडकन आवाज झाला आणि काचेत एका कडेपासून मधोमध चीर गेली.

"आत्या, काय केलंत हे?" स्नेहल धावत आली.

"गारठलाय गं तो," म्हातारी म्हणाली. "वाटेतच राह्यलाय. पायावर पाणी पडल्याबिगर घरात कसा येईल?"

म्हातारीचं चुकलं म्हणावं तर कोणत्या तोंडाने? बर्फाळ काचेवर कढत पाणी ओतू नये, हे हरसूलच्या बाईला कोण सांगणार? स्नेहलने तांब्या काढून घेतला.

खरी भीती वेदिकाची होती. ती पोर त्या गाडीला चिकटली होती. शाळेतून आली की मागच्या सीटवर जाऊन बसायची, तिथेच गृहपाठ करायची. आत बाबांचा वास येतो म्हणायची. एके दिवशी तिचे हात हातात घेतले तर ते बर्फासारखे गार, आणि बाहेर टळटळीत ऊन. आत थंडी वाजत नाही का, असं विचारलं, तर म्हणाली की बाबांना जास्त वाजते.

त्या दिवसापासून स्नेहल गाडीकडे संशयाने पाहू लागली. तिने लहानपणापासून ऐकलं होतं, ज्याची इच्छा राहून जाते तो रिकाम्या हाताने जात नाही. महेशची इच्छा कोणती राहिली होती, हे सांगायला कुणा जाणत्याची गरज नव्हती. लेकीला गाडीत बसवायचं, एवढ्यासाठी तो निघाला होता. नवऱ्यावर तिचा जीव होता. पण जीव असणं वेगळं आणि पोरगी देणं वेगळं. रोज काच पुसताना तिला वाटायचं, आतून कुणीतरी वाट पाहतंय, आणि ती वाट माझी नाही. तिने गाडी कुलूपबंद केली, किल्ली उंच खिळ्यावर टांगली आणि वेदिकाला अंगणात एकटीने जायची बंदी केली. गाडी विकायचं तिच्या मनात पक्कं झालं. नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका दलालाशी बोलणंही झालं. पण चिमणाबाई हटून बसली की वर्षश्राद्धाआधी गेलेल्या माणसाची वस्तू दाराबाहेर काढायची नाही. तेवढे दिवस स्नेहलने जीव मुठीत धरून काढले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी काच कोरडी होती. स्नेहलला सुटल्यासारखं वाटलं. ती दूध आणि केळीची पानं आणायला बाजारात गेली. चिमणाबाई स्वयंपाकात होती, वेदिका अंथरुणात.

परत येताना कोपऱ्यावरूनच तिला दिसलं आणि हातातली पानं खाली पडली. अंगणात गाडी नव्हती. गाडीच्या जागी पांढरा ढीग होता, खिडक्यांच्या वरपर्यंत. शेजारच्या तुळशीवर एक कण नाही, सोमनाथकाकांच्या गाडीवर कण नाही. आणि त्या ढिगाच्या पोटातून इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

घरात खिळ्याखाली स्टूल होतं, वर खिळा रिकामा. आई रोज किल्ली कशी फिरवते ते पोरीने खिडकीतून पुरतं पाहून ठेवलं होतं.

चिमणाबाई पातेलं घेऊन धावत बाहेर आली, वाफाळत्या पाण्याचं. स्नेहलने तिला दोन्ही हातांनी अडवलं. काच आधीच चिरलेली. आता तडकली तर थेट पोरीच्या अंगावर. म्हातारी रडत होती, पोरगी आत हाय, पोरगी आत हाय, एवढंच म्हणत होती. स्नेहलचे पाय दाराकडे ओढ घेत होते. लेक दिसावी म्हणून काच खरवडावीशी वाटत होती, दगड घालावासा वाटत होता. पण तिने दाराकडे पाठ केली. काच नाही, दार नाही, आधी मागची बाजू. समोरचं साफ करत बसलेल्या माणसाचं काय झालं ते तिला माहीत होतं.

ती ढिगाला वळसा घालून मागे गेली आणि उकरायला गुडघ्यावर बसली.

उकरायला काही नव्हतंच. मागे डिकीपर्यंत बर्फ चढला होता, नंबरप्लेटही दिसत नव्हती. पण सायलेन्सरच्या समोरचा बर्फ थेट मातीपर्यंत ओरबाडून दूर सारला होता. नळी मोकळी होती आणि तिच्यातून धूर निवांत बाहेर जात होता. दोन्ही बाजूंच्या बर्फात बोटं ओढल्याच्या खुणा होत्या. खोल, घाईघाईच्या, जिवाच्या आकांताने ओढलेल्या. आजूबाजूला पावलाचा ठसा नव्हता. स्नेहलने एका खुणेत आपला पंजा ठेवला. त्याने ती खूण अर्धीही भरली नाही.

मग ती उठली. दाराजवळचा बर्फ हातांनी ढकलला, खांदा लावून दार आत दाबलं. कडेचा बर्फ तडकल्याचं ऐकू आलं आणि दार अलगद उघडलं. वेदिका पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती, टक्क जागी. आतली हवा उबदार होती. स्नेहलने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि पोरीला उचलून छातीशी धरलं.

"मी बाबांना ऊब देत होते," वेदिका म्हणाली. "पण ते आत बसेचनात, आई. सारखे मागे जाऊन बघत होते."

चिमणाबाईने पातेलं खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली.  लेकीला कडेवर घेऊन स्नेहल पुन्हा गाडीमागे गेली, त्या खुणांपाशी खाली बसली आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"अहो, मी तुम्हाला भ्यायले. आपल्या पोरीला न्यायला आलात असं समजले मी."

ऊन वर आलं तसा ढीग वितळला. पाणी अंगणातून वाहत गटारात गेलं आणि खुणाही त्याच्याबरोबर गेल्या. श्राद्ध झालं, पानं वाढली. दलालाचा फोन आला, त्याला तिने गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती रोजच्यासारखी झाडू, उलथणं आणि फवारा घेऊन बाहेर आली. आज तिला घाई नव्हती, भीती नव्हती. उलट पहाटेपासून ती जागी होती, आणि त्याला काय काय सांगायचं ते तिने मनाशी जुळवून ठेवलं होतं.

काचेवर दहिवर होतं. सोमनाथकाकांच्या गाडीवर होतं तसंच, बोटाने पुसलं जाणारं. तिने छतावर हात ठेवून पाहिला. मागे जाऊन पाहिलं. मग फवारा पायरीवर ठेवून ती तिथेच बसून राहिली, ऊन वर येईपर्यंत, आणि वेदिका उठून हाका मारायला लागली तरी तिला उठवेना.