वाचलं आणि पुसलं

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, स्वयंपाकघरातला. दाराच्या उरलेल्या फळीला काळा रंग फासून बाबांनी मला घडवलं आणि फ्रिजशेजारी टांगलं. रंधा नीट न फिरल्यामुळे माझी एक कड अजून खरखरीत आहे. पण त्या दिवसांत मी स्वतःला कुणीतरी मोठा समजत होतो.

बाबा बेकरीत कामाला. पहाटे निघायचे, दुपारी परतायचे. आई इस्पितळात परिचारिका. तिच्या पाळ्या दर आठवड्याला बदलायच्या. या दोघांच्या मधे दहा वर्षांची बारकी. तिघं एका वेळी सापडणं मुश्किल, म्हणून सगळं माझ्या अंगावर लिहिलं जाई. दूध तापवलंय. किल्ली शेजारी आहे. घरचा नियम एकच: वाचेल त्याने पुसायचं. कोरा फळा म्हणजे निरोप पोचला. येणारे-जाणारे या शिस्तीचं कौतुक करायचे आणि मी आपला फुशारून जायचो.

एकदा शाळेत निघताना बारकीने माझ्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘वर्गात माझ्याशेजारी कुणी बसत नाही.’

दुपारी बाबांनी ते वाचलं. उत्तर लिहायला खडू उचलला, परत ठेवला आणि सवयीने पुसून टाकलं. बारकी आली, कोरा कोपरा पाहिला, दप्तर ठेवून आत गेली. बाबांनी विषय काढला नाही. त्यांना वाटलं, आई घेईल सांभाळून. आईच्या तर ते नजरेलाही पडलं नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

बारकीने लिहिणं सोडलं. जेवण अर्धं टाकू लागली. शाळेची वेळ झाली की तिच्या पोटात दुखायचं. आईने तपासलं, तर पोट ठणठणीत. शेवटी खोदून खोदून विचारल्यावर ती म्हणाली, “मी लिहिलं होतं. तुम्ही वाचून पुसलंत.”

बाबा तिथेच होते. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

“मी वाचलं होतं गं,” ते म्हणाले. “काय उत्तर द्यावं सुचेना. अजूनही सुचत नाहीये. पण तू सांग, मी ऐकतो.”

बारकी आधी रडली, मग बोलायला लागली ती थांबेचना. दुसऱ्या दिवशीही वर्गात शेजारची जागा रिकामीच होती म्हणे. पण ती शाळेत गेली, आणि घरी येऊन तेही सांगितलं, अगदी बाईंची नक्कल करून.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी ‘आम्हाला जपा’ म्हणून विनवतात. मी तसं म्हणणार नाही. घरातल्या कुणी काही सांगितलं आणि उत्तर येत नसलं, तरी त्याच्यासमोर जाऊन बसा. माझी काळजी नको. आता तिघं एकमेकांसाठी थांबतात, निरोप तोंडीच देतात; गेले कित्येक महिने मला खडू लागलेला नाही, अंगावर धूळ साचली आहे, आणि इथे जेवणाच्या टेबलाशी तिघंही एकदमच बोलताहेत.