सकाळची एकच जीप

अनुदान समितीच्या निकुंभ साहेबांनी अर्जातल्या ‘गाडी’ या शब्दावर लाल पेनने आडवी रेघ मारली आणि चहाचा कप पुढे ओढला.

"सुरगाण्याहून जीपा येतात की. अनुदानातून वेगळी गाडी कशाला?"

समोर बसलेल्या शुभांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुन्ह्याची झळ लागलेल्या माणसांना साक्ष होईपर्यंत सोबत करणारं छोटंसं केंद्र ती नाशकात चालवत होती. केंद्र उभं होतं ते या समितीच्या अनुदानावर, म्हणून तिने आवाज खाली ठेवला.

"साहेब, कोर्टाच्या वेळेला पोहोचणारी सकाळची एकच जीप आहे. नवसाबाईंच्या नवऱ्याला ज्याने ठार मारलं, तो जामिनावर बाहेर आहे. तोही त्याच जीपने येतो. त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचं त्यांनी?"

"मग बाहेर बघत बसावं. खिडकी असतेच ना."

साहेब हे चेष्टेने म्हणाले नव्हते, हेच जास्त वाईट होतं. समितीतल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. वाचलेल्या पैशांतून चौकाचौकांत ‘आम्ही पीडितांच्या पाठीशी’ असे फलक लावायचं ठरलं. पाठीशी म्हणे! फलकावर कोणाकोणाचे फोटो घ्यायचे, यावर मात्र बराच वेळ चर्चा झाली.

तारखेच्या दिवशी शुभांगी कोर्टाच्या फाटकाशी जीव मुठीत धरून उभी होती. खुनाच्या साक्षीदार एकट्या नवसाबाई. मागे एकदा त्या त्याच जीपने आल्या होत्या. वाटभर तो माणूस एक शब्द बोलला नव्हता, नुसता त्यांच्याकडे बघत होता. त्या दिवशी साक्ष द्यायला उभ्या राहिल्या आणि त्यांची दातखीळ बसली. सरकारी वकिलांनी कशीबशी तारीख वाढवून घेतली. त्यानंतरच केंद्राने गाडी लावली होती, तिचाच खर्च साहेबांनी कापला होता. आज पुन्हा तसं झालं, तर खटला संपल्यातच जमा होता.

जीप आली. आधी नवसाबाईंच्या पाड्यावरच्या कमळाबाई उतरल्या, मग यशोदाबाई, मग एकामागून एक बाकीच्या बायका. ऐन आवणीत, भातलावणीच्या घाईत, मजुरीचा दिवस बुडवून आल्या होत्या, पोटऱ्यांवर भातखाचरातला चिखल तसाच वाळलेला. सगळ्यांच्या शेवटी नवसाबाई उतरल्या. चेहरा शांत होता.

"आम्ही अंधारातच जीप भरून टाकली," कमळाबाई म्हणाल्या. "तो आला, तं डायवर म्हनला, जागा नाय. टपावर बी आमच्याच पोरी!"

बायका खदखदून हसल्या. शुभांगीलाही हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटलं.

पुकारा झाला. नवसाबाई पदर खोचून पुढे झाल्या. तेवढ्यात आरोपीचा वकील उठला. अशिलाला गाडीत जागा मिळाली नाही, म्हणाला, आणि साक्ष त्याच्या समोरच व्हायला हवी. सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला, कारण कायद्याने त्याचं बरोबर होतं. न्यायाधीशांनी आरोपीला गैरहजेरीबद्दल ताकीद दिली आणि पुढची तारीख दिली.

बाहेर आवारात शुभांगीने हे बायकांना समजावून सांगितलं.

"म्हंजी तो आला नाय, म्हनून हिचं ऐकलं नाय?" यशोदाबाईंनी विचारलं. "मंग त्याला बी आम्हीच आनायचा का?"

दोघांनीही यायचं, वेळेवर यायचं, आणि यायला जीप एकच. कसं यायचं, हे विचारायला कोणाला फुरसत नव्हती.

नवसाबाई झाडाखाली टेकल्या.

"आज बोलले असते, ताई. रातभर मनात घोकलं व्हतं. पुढच्या टायमाला एवढा धीर ऱ्हाईल का, नाय सांगता येत."

शुभांगीने तिथूनच निकुंभ साहेबांना फोन लावला. या खेपेला तिने आवाज खाली ठेवला नाही. झाला प्रकार तिने ताडताड सांगितला. साहेबांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"पण गाडी नसतानाही आल्याच ना त्या? उलट चांगला लोकसहभाग आहे हा. अहवालात घ्या."

फोनचा आवाज मोठा होता, सगळ्या बायकांनी ते ऐकलं. नवसाबाई उठल्या. त्यांनी शुभांगीच्या हातातून फोन काढून घेतला आणि तोंडासमोर धरला.

"सायेब, मी नवसाबाई बोलते. तवा मी चुलीशी व्हते. आमचा मानूस दारात बसून भाकर खात व्हता..."

"अहो बाई, हे मला कशाला सांगता? हे कोर्टात..."

"कोर्टानं आज ऐकलं नाय. तुमी ऐका. त्याच्या हातात कुऱ्हाड व्हती, ती मी आधी पायली..."

बायका जवळ सरकून उभ्या राहिल्या होत्या. पलीकडून साहेबांचा आवाज येईनासा झाला. फोन मात्र बंद झाला नव्हता, आणि नवसाबाईही थांबल्या नाहीत.