चालू स्थितीतला कचरा

धाकटीला शेवटी स्वतःची खोली मिळाली. आता हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. घरातही सगळे तसंच समजून वागताहेत.

तर, धाकटी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपायची. नोकरी लागली तरी सोफा सुटला नाही. मागची खोली होती, पण तिथे बाबांच्या बंद वस्तूंचा संसार होता. पोट सुटलेले टीव्ही, दात पडलेले कीबोर्ड, एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या वायरी, आणि एक मिक्सर. "असू दे, पार्ट कामाला येतो," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. आजवर एकही पार्ट कामाला आला नव्हता. निवृत्तीनंतर बाबाही आले नव्हते, असं आईचं म्हणणं.

मग गल्लीत सूचना लागली. शनिवारी इलेक्ट्रॉनिक कचऱ्याची गाडी येईल, घरातल्या बंद वस्तू दाराशी आणून ठेवाव्यात. धाकटीने बाबांची मनधरणी केली, रुसून पाहिलं, शेवटी सोफ्यावरून धपकन पडून दाखवलं. बाबा विरघळले.

"जाऊ दे सगळं. खोली तुझी."

बाजारात तुरी असतानाच धाकटीने पडद्याचं कापड आणलं.

पुढचे काही दिवस बाबा मागच्या खोलीत दार लावून बसले. निरोप घेत असतील म्हणून कोणी हाक मारली नाही.

शनिवारी गाडी आली. गाडीवाल्या बाईंनी हातमोजे चढवले आणि खात्रीसाठी रेडिओ प्लगला लावला. रेडिओ गाऊ लागला. टीव्हीवर बातम्या लागल्या. मिक्सर असा गरगरला की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

"अहो काका, हे सगळं चालू आहे."

"मग? मोडकी वस्तू परक्याच्या हातात द्यायची? लोक काय म्हणतील?"

आईने कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं मी हाताने वाटत बसले, तेव्हा नाही सुचलं हा मिक्सर दुरुस्त करायचं?"

"तेव्हा तो टाकायचा कुठे होता?"

बाईंनी हातमोजे काढले. "आम्ही बंदच घेतो. चालू वस्तूंची गाडी वेगळी."

"ती कधी येते?" धाकटीने विचारलं. आवाज रडवेला होता, पण रेडिओपुढे ऐकू कुणाला येणार.

"येत नाही. तिचं इंजिन गेलंय."

बाबांचे डोळे लकाकले. "कुठे उभी असते?"

आता ती गाडी यांच्याच दारात उभी असते, आणि तिच्याखालून बाबांचे पाय दिसतात. बाबा शब्दाला पक्के. मागची खोली धाकटीचीच, फक्त वस्तू गाडी चालू होईपर्यंत तिथेच राहतील. टीव्ही आणि मिक्सर यांच्या मधे ती कुशीवर मावते. सोफ्यावर परत जायचीही सोय नाही, तिथे इंजिनाचे पार्ट पसरलेत. असू देत, कामाला येतील.

पडद्याच्या कापडावर बसून धाकटीने अर्ज लिहिला.

"प्रति, कचरा विभाग. विषय: वडील. महोदय, सदर वडील चालू स्थितीत असल्याने आपल्या नियमांत बसत नाहीत, याची अर्जदारास जाणीव आहे. तरी विशेष बाब म्हणून त्यांना येत्या शनिवारी गाडीतून घेऊन जावे, आणि जेवणाच्या वेळेआधी, कोणतीही दुरुस्ती न करता, जसेच्या तसे घरी आणून सोडावे, ही नम्र विनंती."