बजाबाईची सात कुसळं

होटगी रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडात पाय ठेवायला जागा नव्हती. बजाबाई म्हणे जिभेनं डोळ्यातलं कुसळ काढते! पापण्या फाकवायच्या, जीभ फिरवायची आणि थू करून तळहातावर कुसळ दाखवायचं. लोक हात जोडत होते. मला शिसारी आली.

मी राजेश्वरी. कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, एकटी राहते. माझ्या समोरच्या घरातली धनलक्ष्मी दोन वर्षांच्या अक्कूला घेऊन रांगेत दिसली, म्हणून मी बसमधून उतरले. पोरीच्या डाव्या बुबुळात पांढरी चमक होती.

"कधीपासून गं?"

"चार महिने झाले, मॅडम. सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना मी गिराण बघितलं."

"दवाखान्यात चल."

"न्हाय हो. हितं लई लोकांना गुण आलाय की."

मग मीच बजाबाईपुढे बसले. "उजवा डोळा खुपतोय, बाई."

"अगाई! सात कुसळं हायती! मुळं मेंदूपतोर गेल्यात!"

जीभ फिरली. थू! मोजून सात.

मी डोळा काढला नि तिच्या हातावर ठेवला. "हा प्लास्टिकचा आहे. खरा तीन वर्षांपूर्वी कर्करोगानं नेला. यात कुसळं कुठून आली?"

रांगेतल्या म्हाताऱ्या निंगप्पानं तांब्या पुढे केला. "चूळ भर, बाई." ती तोंड उघडेना. चारजणींनी भरायला लावली, तर गालफडातली कुसळं भसाभसा बाहेर पडली.

धनलक्ष्मी रडायला लागली. "मग हिच्या डोळ्यात काय हाय?"

"गाठ असेल. तुझा काही दोष नाही, ग्रहणाचाही नाही. पेशीतलं एक जनुक बिघडतं. शिवाय आरएनएचे, म्हणजे जनुकांच्या नकलांचे, काही तुकडे असतात. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, म्हणून पूर्वी त्यांना कचरा समजायचे. पण पेशीनं वाढायचं की थांबायचं, यात त्यांचाही हात असतो. त्यांचं ताळतंत्र सुटलं की गाठ फोफावते. ते जिभेला कुठलं सापडतंय?"

तिथून आम्ही अक्कूला दवाखान्यात नेलं. तपासून डॉक्टर म्हणाले, "जीव वाचेल. डोळा काढावा लागेल. आधी आणलं असतं, तर कदाचित राहिला असता."

धनलक्ष्मी माझ्याकडे बघत राहिली. "मॅडम, तुमच्या डोळ्याचं कदी बोलला न्हाईत."

कुणी निरखून बघू नये म्हणून तीन वर्षं मी दार लावून बसले. समोरच्या पोरीचा डोळा मला दिसलाच नाही.

लोकहो, मुलाच्या बुबुळात पांढरी चमक दिसली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आणि ज्यांनी असलं दुखणं भोगलंय, त्यांनी शेजारीपाजारी सांगावं. मी सांगितलं नाही. अक्कूचा डोळा गेला.